कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर

१९९० च्या आसपास एखाद्या साध्या डॉस संगणकावर, मराठीचे कार्ड बसवलेले नसताना, ‘बारामती’ हा शब्द असलेली फाइल उघडली तर पडद्यावर अक्षरे येत नसत, तक्त्याच्या रेघा येत. ‘ब’च्या जागी आडव्या दुहेरी रेघेतून वर निघालेला दुहेरी फाटा. कान्याच्या जागी चौकटीचा डावा वरचा कोपरा. ‘र’च्या जागी दुहेरी रेघेवर उभी राहिलेली एक काडी, मग पुन्हा तोच कोपरा. ‘म’ म्हणजे उभ्या दुहेरी रेघेला उजवीकडे फुटलेला फाटा, ‘त’ म्हणजे आडव्या रेघेतून खाली उतरलेली काडी आणि शेवटची दीर्घ वेलांटी म्हणजे खालचा अर्धा भाग भरलेला ठोकळा.

फाइल खराब झालेली नसे. तिच्यात सात आकडे नीट लिहिलेले असत: २०२, २१८, २०७, २१८, २०४, १९४, २२०. भारतीय मानकाप्रमाणे हे आकडे म्हणजे ‘बारामती’. पण आयबीएमच्या पीसीने १७६ ते २२३ हे आकडे तक्ते आखायच्या रेघांना आणि ठोकळ्यांना देऊन ठेवले होते. फाइल आकडे सांभाळते, कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर हे ती सांगत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागते. मराठीच्या बाबतीत हे कुणी आणि कसे सांगितले, आणि मधल्या काळात कुणीच न सांगितल्यामुळे काय काय हातचे गेले, त्याचा हा इतिहास.

सुरुवात कानपूरला झाली. तिथल्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या गटात भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालले होते आणि मोहन तांबे त्यात आघाडीवर होते. १९८८ मध्ये पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, सी-डॅक उभी राहिली आणि हे काम तिकडे आले. बाहेरच्या जगाला सी-डॅक ‘परम’ महासंगणकामुळे माहीत झाली. सरकारी कचेऱ्यांत, बँकांत आणि छापखान्यांत मात्र तिची ओळख ‘जिस्ट’ या नावाने झाली. जिस्ट कार्ड म्हणजे पीसीच्या आतल्या खाचेत बसवायची एक पट्टी. ती बसवली की डीबेस किंवा वर्डस्टारसारखा इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागे. प्रोग्रॅमला स्वतःला त्याचा पत्ताही नसे. तो आकडेच हाताळत राही आणि पडद्यावर त्यांची अक्षरे करण्याचे काम कार्ड करी.

या आकड्यांच्या मागचे मानक म्हणजे इस्की. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. त्याची रचना आज पाहिली तरी आदर वाटतो. पहिले १२८ आकडे इंग्रजी आस्कीचे, तसेच ठेवलेले. वरच्या १२८ मध्ये भारतीय वर्णमाला, उच्चाराच्या क्रमाने: क १७९, ख १८०, ग १८१, असे पुढे. ‘क’ देवनागरीतला असो, गुजरातीतला असो की तेलुगूतला, आकडा १७९ च. कोणत्या लिपीत दाखवायचा हे सांगायला वेगळा संकेत. साठवायचा तो वर्ण, त्याचा आकार नव्हे, हे तत्त्व यात पहिल्यापासून होते. म्हणूनच इस्कीतली नावांची यादी बऱ्याच अंशी अकारविल्हे लावता येई, आणि तीच यादी दुसऱ्या लिपीत दाखवताही येई. रेघांशी होणारी टक्करही मानकाच्या कर्त्यांना दिसली होती. आयबीएमच्या रेघांच्या जागा मोकळ्या सोडणारी पीसी-इस्की नावाची वेगळी मांडणी त्यांनी त्यासाठी दिली.

मराठी संगणकावर आणण्याची निकड भाषाप्रेमापुरती नव्हती, ती कायद्यातही होती. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ प्रमाणे कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही असाव्या लागत. राज्यकारभारासाठी १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम होता. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत या दोन्ही गोष्टी रोजच्या कामात एकत्र येत. नीरेच्या कालव्यावर उसाचा पट्टा, त्यावर १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात उभे केलेले वालचंदनगर, पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचे सहकारी साखर कारखाने, आणि नंतर बारामती एमआयडीसी. तिथे पियाजिओच्या तीनचाकी गाड्या, भारत फोर्जचे घडकाम, दूधप्रक्रिया, कापड उद्योग असे सगळे उभे राहिले. अशा पट्ट्यात सभासदांची यादी, उसाच्या वजनाची पावती, ऊसबिल, हजेरीपट, पगारपत्रक, यंत्राशेजारची धोक्याची पाटी हे सगळे मराठीत लागते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिलेले नाव सभासदाला स्वतःचे वाटत नाही. ‘काळे’ आणि ‘काले’ त्यात एकच होऊन जातात.

साखर कारखान्याच्या परिसरात संगणक आणि मराठी एकत्र आणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र इथला नव्हता, वारणेचा होता. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संकुलाभोवती सत्तर गावे संगणकाने जोडण्याची ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली. ऊसबिलाची आणि ऊसतोडीची माहिती गावातच मिळावी, ही त्यामागची कल्पना. सगळ्या ऊसपट्ट्याने त्याकडे लक्ष देऊन पाहिले.

तोवर डॉस मागे पडत होता आणि विंडोजची चलती सुरू झाली होती. विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी ठाऊकच नव्हती. जिस्टचे कार्ड डॉसच्या पडद्यावर राज्य करी, विंडोजचा पडदा फॉन्टच्या हातात होता. मग महाराष्ट्राने फॉन्टचा रस्ता धरला, आणि त्या रस्त्यावर तो पंधरा-वीस वर्षे चालत राहिला.

युक्ती साधी होती. इंग्रजी फॉन्टमध्ये प्रत्येक आकड्याला इंग्रजी अक्षराचा आकार दिलेला असतो. तो काढून तिथे देवनागरीचा तुकडा बसवायचा. फाइलमध्ये इंग्रजीतला ‘के’ राहतो, डोळ्यांना मात्र ‘क’ किंवा अर्धा ‘त्’ दिसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, सी-डॅकचेच आयएसएम आणि त्याबरोबर येणारे योगेश, सुरेख हे फॉन्ट, फुकट मिळणारे शिवाजी आणि किरण, सगळ्यांची तऱ्हा हीच. डीटीपीचा धंदा यावर उभा राहिला. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल, एमआयडीसीतल्या पाट्या, सगळे सुरेख छापले जाऊ लागले. श्रीलिपीची अक्षरे देखणी होती आणि आहेत. रेमिंग्टनच्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या हजारो टायपिस्टांना तोच कळफलक संगणकावर मिळाला, हाही या पॅकेजांचा मोठा उपकार. छापणे हे ध्येय असेल तर यात काहीच कमी नव्हते.

कमी होती ती कागदाच्या आधी आणि नंतर. एका फॉन्टमध्ये वापरता येण्याजोग्या जागा सुमारे दोनशे. देवनागरीला लागतात स्वर, व्यंजने, अर्धी व्यंजने, जोडाक्षरे, रफार, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या. प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने तुकडे पाडले आणि आपल्या सोयीने जागा दिल्या. त्यामुळे एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याची भेळ होई. तुकडे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवले जात. ‘किती’ या शब्दातली पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे दिसते म्हणून फाइलमध्येही ती ‘क’च्या आधी. रफार तर अक्षराच्या डोक्यावर, म्हणून अक्षरानंतर. इस्कीने ठेवलेला उच्चाराचा क्रम इथे पार मोडला. अशी यादी संगणकाला अकारविल्हे लावायला सांगितली तर तो इंग्रजी आकड्यांच्या क्रमाने लावी आणि पहिली वेलांटी असलेली सगळी नावे एका ठिकाणी गोळा होत. शोध घ्यायचा तर ‘शिंदे’ नव्हे, त्यामागची इंग्रजी अक्षरांची माळ शोधावी लागे.

आणि फॉन्ट नसला की काहीच उरत नसे. दुसऱ्या संगणकावर फाइल नेली की अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग. ‘सोबत फॉन्ट पाठवा’ हे वाक्य त्या काळातल्या प्रत्येक मराठी ईमेलच्या शेवटी असे. मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर आली तेव्हा त्यांच्या पानावर बातमीच्या आधी ‘फॉन्ट डाउनलोड करा’ ही सूचना असे. सॅन होजेतला किंवा दुबईतला वाचक तो फॉन्ट उतरवून गावाकडची बातमी वाचे, पण त्यातले एक वाक्य उचलून मित्राला धाडता येत नसे. शोधयंत्रांनाही ही पाने दिसत नसत. हजारो पानांचा मराठी मजकूर जगासमोर होता आणि यंत्राच्या लेखी तो मराठी नव्हताच. मराठीचे त्या काळातले सर्वांत मोठे नुकसान हेच, असे ठामपणे म्हणावे लागते. लिहिणारे होते, वाचणारे होते, छपाईही उत्तम होती. पण लिहिलेले पुन्हा हाती लागत नव्हते.

याच वर्षांत दूर दुसरीकडे उपाय तयार होत होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक, ही त्यामागची भूमिका. देवनागरीला त्यात १२८ जागांचा पट्टा मिळाला आणि त्याची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली गेली. कानपूर-पुण्याच्या मेहनतीचे हे फळ अनेकांच्या लक्षात येत नाही. आज कुणी फोनवर मराठी लिहितो तेव्हा अक्षरांचा क्रम मुळात त्या भारतीय मानकाचा असतो.

पण क्रमांक ठरला तरी तो फाइलमध्ये लिहायचा कसा, हा प्रश्न उरतोच. एका बाइटमध्ये २५६ च्या वर आकडे मावत नाहीत. यावरचे उत्तर सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत मिळाले. बेल लॅब्जचे केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्याबरोबर जेवताना टेबलावरच्या कागदी मॅटवर ते आखले आणि काही दिवसांत त्यांची प्लॅन ९ ही सगळी कार्यप्रणाली त्यावर चालू लागली. हीच यूटीएफ-८. इंग्रजी अक्षरे एका बाइटची, पूर्वी होती तशीच. बाकीची दोन, तीन किंवा चार बाइटांची. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. इस्कीत सात बाइटांत मावणारी ‘बारामती’ इथे एकवीस बाइट घेते. पण त्या बदल्यात मिळाली एक अनमोल सोय: जुन्या इंग्रजी फाइलींना हातही लावावा लागला नाही. प्रोग्रॅम, सेटिंगच्या फाइली, आज्ञा, सगळे जसेच्या तसे वैध यूटीएफ-८ होते.

इथून गोष्ट टेक्स्ट एडिटरकडे वळते. मराठीची खरी अडवणूक आणि खरी सुटका तिथेच झाली.

एडिटरपुढे पेच असा की फाइल उघडायची तर तिची संकेतप्रणाली माहीत हवी, आणि ती माहिती असलीच तर फाइलच्या आत असणार. इमॅक्सने यातून वाट काढली. जपानमधल्या त्सुकुबाच्या इलेक्ट्रोटेक्निकल प्रयोगशाळेत केनिची हांडा यांच्या गटाने बहुभाषी इमॅक्स तयार केला होता, तो १९९७ च्या इमॅक्स २० मध्ये मिसळला गेला. फाइलच्या पहिल्या ओळीत दोन्ही बाजूंना संयोगचिन्ह, चांदणी, संयोगचिन्ह अशी खूण करून मध्ये ‘कोडिंग’ हा शब्द आणि संकेतप्रणालीचे नाव लिहायचे. हे सगळे शुद्ध आस्कीत असल्यामुळे आस्कीवर आधारलेल्या कोणत्याही प्रणालीतली फाइल असो, एवढी ओळ वाचता येतेच. आणि त्या नावांच्या यादीत आयएस १३१९४ चेही नाव होते. इमॅक्समध्ये ‘देवनागरी’ नावाचे भाषा-वातावरण निवडता येई. विंडोजच्या नोटपॅडला मराठी ठाऊक नव्हती, तेव्हा जपान्यांनी घडवलेल्या एडिटरला भारतीय मानक ब्युरोचा क्रमांक ठाऊक होता. आपल्याकडे मात्र इमॅक्स वापरणारे मोजकेच. डीटीपीच्या दुकानात तो पोहोचायचा प्रश्नच नव्हता.

ब्रॅम मोलेनार यांच्या व्हिमने सप्टेंबर २००१ च्या ६.० आवृत्तीत यूटीएफ-८ आणले आणि वेगळा मार्ग घेतला. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात: एडिटरने स्वतः आत कोणती प्रणाली वापरायची, हातातली फाइल कोणत्या प्रणालीत लिहायची, आणि अनोळखी फाइल उघडताना कोणकोणत्या प्रणाली कोणत्या क्रमाने आजमावून पाहायच्या. हा तिसरा क्रम मुद्दाम जवळून पाहावा असा आहे. आधी फाइलच्या आरंभी युनिकोडची खूण आहे का ते पाहायचे, मग यूटीएफ-८, मग संगणकाची नेहमीची प्रणाली, आणि सर्वांत शेवटी पश्चिम युरोपीय भाषांची लॅटिन-१. लॅटिन-१ शेवटी का? कारण ती कशालाच नाही म्हणत नाही. तिच्यात कोणताही बाइट कोणते ना कोणते चिन्ह असतोच, म्हणून ती पहिली ठेवली तर प्रत्येक फाइल ‘वाचली’ जाणार, मराठीसुद्धा, आणि चुकीची. यूटीएफ-८ काटेकोर आहे. २२४ नंतर ठरावीक जातीचेच दोन बाइट आले पाहिजेत, नाहीतर ती नकार देते. नकार देऊ शकणाऱ्याला आधी विचारायचे, एवढीच त्यातली समज. याशिवाय सेटिंगची फाइल स्वतः कोणत्या प्रणालीत लिहिली आहे हे तिच्यातच जाहीर करायची वेगळी आज्ञाही व्हिममध्ये आहे. तिच्याखाली मराठीत टिप्पणी लिहिली किंवा ‘म्ह’ टाइप केल्यावर ‘म्हणजे’ उमटावे असा संक्षेप दिला, तरी तो बिघडत नाही.

पायथॉन भाषेने २००१ च्या पेप २६३ या प्रस्तावातून हाच मार्ग घेतला. प्रोग्रॅमच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत संकेतप्रणाली सांगायची. आणि ती ओळ इमॅक्सच्या पद्धतीने लिहिलेली असो की व्हिमच्या, दोन्ही मान्य. प्रोग्रॅमरांच्या दोन जुन्या पंथांना असे एका ओळीत आणणे हे शहाणपणाचे काम होते.

विंडोजवर गोष्ट जास्त अडखळत गेली. विंडोज २००० मध्ये मराठी पहिल्यांदा कार्यप्रणालीच्या आत आली. जोडाक्षरे घडवणारी यंत्रणा आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ फॉन्ट. तो प्रा. र. कृ. जोशी यांचा. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे, कवी, सुलेखनकार आणि देवनागरीच्या वळणांचा आयुष्यभर अभ्यास केलेला हा माणूस २००८ मध्ये गेला. त्यांचा फॉन्ट भारतातल्या जवळजवळ प्रत्येक कचेरीच्या संगणकावर पोहोचला. मराठी संगणनाच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते त्याहून कितीतरी जास्त घेतले जायला हवे.

पण नोटपॅड? तिथे ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत तळाशी संकेतप्रणालीची एक छोटी यादी असे आणि तिच्यात आपोआप निवडलेले असे ‘आन्सी’. आन्सी म्हणजे त्या देशाची जुनी प्रणाली. रशियन, ग्रीक, अरबी, थाई यांना विंडोजमध्ये अशी प्रणाली होती, मराठी आणि हिंदीला दिलेलीच नव्हती. त्या पहिल्यापासून फक्त युनिकोडमध्ये आल्या. म्हणजे यादीतल्या आपोआप निवडलेल्या पर्यायात मराठी मावणे अशक्यच होते. मराठी लिहून तसेच सेव्ह केले की नोटपॅड एक इशारा देई: युनिकोडमधली अक्षरे नाहीशी होतील. इशारा इंग्रजीत, बटण ‘ओके’. ते दाबले की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. ही प्रश्नचिन्हे आणि आधीच्या रेघा यांत मोठा फरक आहे. रेघांच्या मागे खरे आकडे शाबूत होते, प्रश्नचिन्हांच्या मागे प्रश्नचिन्हच होते. ते लिखाण गेलेच.

एक्सेलमध्येही हेच घडे. कामगारांची किंवा सभासदांची यादी मराठीत, ती दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्यासाठी सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय एक्सेल २०१६ च्या काळात आला. तोवर कारखाने आणि पतसंस्था यांना सॉफ्टवेअर पुरवणारे लोक मराठी नाव आणि इंग्रजी नाव असे दोन रकाने ठेवून निभावत.

जावा भाषेतल्या प्रोग्रॅमांना आणखी वेगळे दुखणे. त्यांच्या सेटिंगच्या ‘प्रॉपर्टीज’ फाइली लॅटिन-१ मध्येच वाचल्या जात. मराठी शब्द लिहायचा तर प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक तिरप्या रेघेसह लिहायचा. ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाला तीस इंग्रजी अक्षरे आणि आकडे. भाषांतर करणाऱ्याला ते वाचता येत नसे, म्हणून मूळ मराठी फाइल वेगळी ठेवून एका साधनाने ती रूपांतरित करावी लागे. २०१७ च्या जावा ९ ने भाषांतराच्या या फाइली यूटीएफ-८ मध्ये वाचायला सुरुवात केली.

डेटाबेसमध्ये चूक अधिक काळ लपून राही. मायएसक्यूएल २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत आपोआप लॅटिन-१ धरून चाले. प्रोग्रॅम मराठीचे यूटीएफ-८ बाइट पाठवी, डेटाबेस ते लॅटिन-१ समजून ठेवी, परत मागितल्यावर तेच बाइट परत देई, आणि पडद्यावर मराठी व्यवस्थित दिसे. सगळे ठीक वाटे. मग एक दिवस माहिती नव्या सर्व्हरवर हलवताना तो नवा सर्व्हर प्रामाणिकपणे लॅटिन-१ चे यूटीएफ-८ करी आणि सगळी नावे फुटत.

फुटलेल्या मराठीला स्वतःचे रूप आहे, आणि ते ओळखता आले तर रोगाचे निदान क्षणात होते. यूटीएफ-८ मधली मराठी पश्चिम युरोपीय प्रणालीत वाचली गेली की प्रत्येक अक्षराच्या जागी येणाऱ्या चिन्हांच्या आरंभी एक ठरावीक जोडी असते. आधी डोक्यावर तिरपी रेघ असलेले लहान इंग्रजी ‘ए’, कारण पहिला बाइट नेहमी २२४. मग चार कोपऱ्यांना चार काड्या फुटलेले छोटे वर्तुळ, कारण दुसरा बाइट १६४. स्वर, व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी या गटात पडतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलंत आणि देवनागरी आकडे यांचा दुसरा बाइट १६५, म्हणून तिथे वर्तुळाऐवजी जपानी येनचे चिन्ह दिसते. पान असे वर्तुळांनी आणि येननी भरलेले असेल तर बाइट शाबूत आहेत, नुसती प्रणाली बदलून वाचायची. डोक्यावर लाट असलेले मोठे ‘ए’ जागोजागी दिसू लागले तर हा प्रकार एकावर एक दोनदा घडलेला आहे आणि दोनदा उलगडावा लागेल. चौकोनी डबे दिसले तर संकेत बरोबर, फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हे दिसली तर जुनी प्रत शोधायला लागावे.

नोव्हेंबर २००९ हा महाराष्ट्रासाठी महत्त्वाचा महिना. ६ नोव्हेंबरला राज्य शासनाने मराठी वर्णमाला आणि लिपी प्रमाण करणारा निर्णय काढला आणि त्यात ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना वर्णमालेत जागा मिळाली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक जाहीर केले. कचेऱ्यांतून ‘युनिकोडमध्येच पाठवा’ असे पत्रांत दिसू लागले. सामान्य लिहिणारे लोक त्याच्या आधीच निघाले होते. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला तो युनिकोडमध्येच, आणि ‘मनोगत’सारख्या संकेतस्थळांवर माणसे रोमन कळफलकावरून थेट युनिकोड देवनागरी लिहीत होती. मराठीचे युनिकोडकडे येणे आज्ञेपेक्षा या हौशी लिहिणाऱ्यांमुळे जास्त घडले.

तरीही प्रश्न एका झटक्यात मिटला नाही. ‘ॲ’चेच पाहावे. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधी कुणी हिंदीचा ‘ऍ’ वापरला, कुणी ‘अ’वर चंद्र ठेवला, कुणी मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून तोच चंद्र ठेवला. आज ‘ॲप’ हा शब्द चार तऱ्हांनी साठवलेला सापडतो आणि एक शोधला तर बाकीचे तीन मिळतीलच असे नाही.

ऊसपट्ट्यात यापेक्षा जास्त अडवणारे अक्षर म्हणजे ‘ऱ्या’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत जेवढे अंतर आहे तेवढे या अर्ध्या ‘र’चे महत्त्व. हिंदीला त्याची गरज नाही, मराठीचे त्याशिवाय चालत नाही. इस्कीत नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलंत दिला की ते घडे. युनिकोडनेही ती सोय ठेवली. शिवाय साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह घातले तरी तेच आकार घडतात, कारण युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ती पद्धत सांगितली होती आणि मागे फिरता येत नव्हते. तिसरी रीत म्हणजे ‘र’, वेगळा नुक्ता, मग हलंत. पहिली आणि तिसरी रीत युनिकोडच्या नियमांनी एकच मानली जाते, दुसरी नाही. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द पहिल्या रीतीने ३९ बाइटांचा होतो, दुसऱ्या रीतीने ४२ बाइटांचा. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. शेतकऱ्यांच्या याद्या, कर्मचाऱ्यांचे पगार, सातबाऱ्याचे उतारे या शब्दांशिवाय इथले एक कार्यालय चालत नाही. दोन वेगळ्या साधनांनी भरलेल्या याद्या जुळवताना सारखी दिसणारी नावे जुळत नाहीत, ती बहुतेकदा या न दिसणाऱ्या जोडचिन्हामुळे. व्हिममध्ये कर्सर अक्षरावर ठेवून ‘जी’ आणि ‘८’ या कळा दाबल्या की त्यामागचे बाइट आकड्यांत दिसतात. जोडचिन्ह असेल तर २२६, १२८, १४१ हे त्याचे तीन बाइट सोळा-आधारी आकड्यांच्या पद्धतीत समोर येतात. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट पकडायचा याहून सोपा मार्ग नाही.

२०१० मध्ये फॉन्टची जुनी सवय पुन्हा एकदा डोके वर काढून गेली. जुलैत डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह सरकारने स्वीकारले आणि युनिकोडमध्ये ते ऑक्टोबरात आले. मधल्या काळात कळफलकावरच्या डाव्या कोपऱ्यातल्या उलट्या स्वल्पविरामाच्या जागी रुपया बसवलेला फॉन्ट देशभर फिरला. त्या फॉन्टने केलेली बिले दुसऱ्या संगणकावर उघडली की रकमेच्या आधी तो उलटा स्वल्पविराम दिसे.

नंतरची वर्षे सेटिंगच्या फाइलींची. एकाच प्रकल्पावर काम करणारे पाच जण पाच एडिटर वापरतात, म्हणून २०१० च्या दशकात एडिटरकॉन्फिग नावाची छोटी फाइल रूढ झाली. तिच्यातली एक ओळ ‘कॅरसेट’ची. तिला चालणारी मूल्ये मोजकी: लॅटिन-१, यूटीएफ-८, खुणेसह यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ चे दोन प्रकार. ‘खुणेसह’ यूटीएफ-८ ची नोटपॅडला सवय होती. तो यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ असे तीन बाइट घाले आणि पीएचपीसारख्या भाषांत तेवढ्याने पान मोडे. २०१५ मध्ये आलेल्या व्हीएस कोडने आपल्या सेटिंगमध्ये आरंभापासून यूटीएफ-८ धरले. मे २०१९ च्या विंडोज १० मध्ये नोटपॅडनेही आन्सी सोडून खुणेशिवायचे यूटीएफ-८ आपोआप निवडायला सुरुवात केली. जावाने २०२२ च्या १८ व्या आवृत्तीत तेच केले. मराठी वापरणाऱ्याला ज्या ओळी पूर्वी स्वतः लिहाव्या लागत, त्या आता न लिहिताच गृहीत धरल्या जातात. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मराठी नाव छापता येते.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टबरोबर चालवलेला उसातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग २०२४ नंतर देशभर चर्चेत आला. त्यात शेतकऱ्याच्या फोनवर पाणी, खत आणि रोगाच्या सूचना मराठीतही येतात. अशा यंत्रांना शिकवायला मराठी मजकूर लागतो आणि तो युनिकोडमधला लागतो. फॉन्टच्या काळात टाइप झालेली पुस्तके, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, नियतकालिकांचे अंक जुन्या डिस्कवर आणि सीडींवर पडून आहेत. त्यांच्यासाठी रूपांतरके आहेत, पण प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता लागतो. वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर आणि रफार उचलून अक्षराच्या आधी न्यावा लागतो, आणि एकाच परिच्छेदात दोन फॉन्ट असले तर मजकूर माणसाला वाचूनच सोडवावा लागतो. हे काम ज्यांच्या हातांनी होऊ शकते ते श्रीलिपीवर हात बसलेले ऑपरेटर आता पन्नाशी-साठीत आहेत, आणि कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट वापरला हे त्यांनाच आठवते. त्यांना विचारून तक्ते नोंदवून घ्यायला हवेत, आणि ते आत्ताच.

दुसरे काम याहून जुन्या लिपीचे. २०१४ च्या जूनमध्ये युनिकोड ७.० मध्ये मोडीला जागा मिळाली. ती देवनागरीच्या खूप पुढे, चार बाइटांच्या प्रदेशात. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ एवढेच नाव दिलेली जुनी मांडणी तीन बाइटांवर थांबते. देवनागरी तिच्यात मावते, मोडी मावत नाही. पुणे पुराभिलेखागारातल्या मोडी कागदांची नोंद मोडी अक्षरांतच ठेवायची असेल तर सेटिंगच्या फाइलीत ‘यूटीएफ८एमबी४’ असे पूर्ण नाव लिहावे लागते.